इतिवृत्तातलं अर्धं पान

हे मी अजून कुणापुढेही उघडं केलेलं नाही. बायकोपुढे नाही, मुलांपुढे नाही. ज्या डॉक्टरकडे रक्तदाबासाठी दर महिन्याला जातो तो दर महिन्याला विचारतो, काही टेन्शन आहे का अण्णा — त्याच्यापुढेही नाही. त्याला मी सांगतो, धंद्याचं. बियाण्याच्या दुकानदाराला टेन्शन असणारच, त्यामुळे तेवढं उत्तर खपून जातं. मग तुम्हाला का सांगतोय? तुम्ही मला ओळखत नाही म्हणून. की ओळखता? अंबडच्या बाजारात कधी आला असाल तर माझ्या दुकानाची पाटी वाचलीही असेल. असो. पाहा, आत्ताच फाटे फुटायला लागले. मला हे सरळ सांगता येणार नाही, ते आधीच सांगून ठेवतो.

मी आमच्या जिल्ह्याच्या रग्बी संघटनेचा अध्यक्ष आहे. हसलात ना? हसा. जालना म्हटलं की लोकांना बियाणं आठवतं, सळई आठवते, मोसंबी आठवते. रग्बी इथे कुणाच्या सात पिढ्यांत नव्हतं. मला तरी कुठे ठाऊक होतं? मी कबड्डीचा गडी, तोही कॉलेजपुरता. पुढे पोट सुटलं आणि गल्ल्यावर बसलो. मंगल पहिल्यांदा तो लांबुळका चेंडू काखेत मारून दुकानात आली तेव्हा मी विचारलं होतं, "हे कोणतं वाण म्हणायचं? भोपळ्याचं?" ती हसली नाही. त्या खेळाच्या बाबतीत ती कधीच हसायची नाही.

मंगल हसनाबादची. बापाने निम्मं आयुष्य मेंढरं राखली, मग जमिनीचा तुकडा घेऊन शेतीत उतरला. ही शिकली, खेळाची शिक्षिका झाली आणि अंबडच्या एका खासगी शाळेत नोकरीला लागली. आमच्याच गल्लीत खोली घेऊन राहायची. माझी बायको तिला वाटीभर भाजी द्यायची, ती आमच्या धाकटीचं गणित घ्यायची. मला अण्णा म्हणायची. मी तिला 'तू' म्हणायचो, पोटच्या पोरीला म्हणतात तसंच. हे सगळं मुद्दाम सांगतोय. नंतर तुम्हाला असं वाटू नये, की ती कुणी परकी होती म्हणून माझा हात चालला.

पुण्याकडे कुठल्या शिबिरात ती हा खेळ शिकून आली आणि मग तिने वेडच घेतलं. सुट्टीत हसनाबाद, धावडा, त्या सगळ्या भागात दारोदार फिरून मुली गोळा केल्या. आईबाप म्हणायचे, पोरींनी एकमेकींना धरून पाडायचं, हा कसला खेळ? मग ती ओढणी कमरेला बांधायची आणि त्यांच्याच अंगणात स्वतः पडून दाखवायची. हात कुठे ठेवायचा, मान कशी आत घ्यायची, खांदा कसा वळवायचा. पळायचं नंतर, चेंडू नंतर, आधी पडायला शिका — हा तिचा पहिला धडा. आमची काळी माती उन्हाळ्यात भेगाळते आणि पावसाळ्यात पायाला धरून बसते. अशा रानात तिने त्या मुलींना पडायला शिकवलं आणि एकीच्याही हाडाला कधी धक्का लागू दिला नाही. मला तिचा अभिमान वाटायचा. तो खरा होता. निदान तेवढं तरी खरं होतं, असं मी धरून चाललोय.

संघटना काढायची तर एक अध्यक्ष लागतो. ज्याचं स्वतःचं दुकान आहे, ज्याला तहसील कचेरीत 'बसा' म्हणतात, असा. म्हणून मी. मला खेळातलं कळत नव्हतं, पण कागद कळत होता. आणि या देशात खेळ मैदानावर जेवढा चालतो त्याच्या दुप्पट कागदावर चालतो. नोंदणी, संलग्नता, धर्मादाय कार्यालय, दरवर्षीचा अहवाल — हे सगळं मी ओढायचो. ती मैदान सांभाळायची, मी वही सांभाळायचो. झकास चाललं होतं.

आता वहीचं सांगायला हवं. सांगावंच लागेल, टाळून उपयोग नाही.

तुम्ही कधी एखाद्या मंडळात, पतसंस्थेत, शाळेच्या कमिटीत असाल तर तुम्हाला नवीन नाही. सभेची नोटीस निघते. विषय एक, विषय दोन, विषय तीन, आणि शेवटी ठरलेला विषय — 'अध्यक्षांच्या परवानगीने ऐनवेळी येणाऱ्या विषयांवर विचार करणे'. मग सभा होते. सभा कसली, माझ्या दुकानात पोत्यांवर बसून चहा. सगळ्यांना घाई. कुणाची बस, कुणाचं रान, कुणाची तारीख. म्हणून आमच्यात पद्धत अशी पडली होती, की कोऱ्या पानाच्या तळाशी सगळ्यांनी आधी सह्या करून मोकळं व्हायचं. वरचं इतिवृत्त मी नंतर सवडीने लिहायचो. आणि ऐनवेळच्या विषयाखाली अर्धं पान कोरं ठेवायचो. का? तर उद्या बँक म्हणते अमुक ठराव आणा, धर्मादायचा बाबू म्हणतो तमुक शब्द राहिला. मग पुन्हा नऊ माणसं कुठून हुडकून आणणार? त्या अर्ध्या पानात बसवून टाकायचं. सूचक कोण, अनुमोदक कोण, तेही मीच टाकायचो — ज्याचं नाव बरेच दिवस आलं नाही त्याचं. ही माझी अक्कल नव्हती. मला माझ्या आधीच्या संस्थांतल्या जुन्या खोडांनी शिकवलं, त्यांना त्यांच्या आधीच्यांनी. यात कुणाला काही वावगं वाटत नव्हतं. मलाही वाटत नव्हतं. खोटं त्यात काय होतं? जे ठरायचं तेच लिहायचो की!

जे ठरायचं तेच. त्या एका वेळेपर्यंत.

झालं असं, की मला राज्याची स्पर्धा अंबडला भरवायची हौस आली. मंगलला नव्हती आली, मला आली. ती म्हणत होती, अजून दोन वर्षं थांबू, मैदान नीट करू. मी ऐकलं नाही. बाहेरगावच्या गाड्या आपल्या गावात येणार, माईकवरून आपलं नाव पुकारलं जाणार — माणसाला काय काय चढतं! एका कारखानदाराने खर्चाचा शब्द दिला होता. तोंडी. मी त्या शब्दावर मांडव घातला.

त्याआधीची सभा दुकानात झाली. जेवणाचा विषय निघाला, तेव्हा उठता उठता मंगल म्हणाली, "अण्णा, पोरी उपाशी न्हाई राह्यल्या पाहिजे. बाकी काय बी करा." आणि सही करून बस पकडायला पळाली. हे वाक्य लक्षात असू द्या. मी तर विसरूच शकत नाही. आमचे उपाध्यक्ष, एक म्हातारे निवृत्त गुरुजी, तेही सही करून काठी टेकत गेले. त्यानंतर तीन आठवड्यांनी गुरुजी वारले.

स्पर्धेच्या आदल्या दिवशी मंगलने माझ्या हातात एक पाकीट दिलं. खेळणाऱ्या प्रत्येक मुलामुलीचा अपघात विमा काढायचा, असा राज्य संघटनेचा नियम. त्याचे सगळ्या संघांकडून जमा झालेले पैसे आणि नावांची यादी. तिने पाकीट नुसतं दिलं नाही. माझ्या हातावर ठेवून वरून दाबलं आणि म्हणाली, "हे आजच भरा, अण्णा. उद्यावर बिलकुल ठेवू नका." मी म्हणालो, "भरतो गं बाई." मांडवाच्या गडबडीत त्या दिवशी राहून गेलं. उद्या सकाळी पहिलं काम, असं मनाशी म्हणालो.

सकाळी कारखानदाराचा फोन बंद. आचारी मैदानाच्या कडेला टेम्पो लावून बसलेला, सामान उतरवायला तयार नाही. "पैसे द्या, मंग चूल पेटवतो," म्हणाला. त्याचं तरी काय चुकलं? दूरदूरच्या जिल्ह्यांतली पोरं रात्रभर प्रवास करून आलेली, हातात ताटल्या घेऊन उभी. आणि माझ्या खिशात पाकीट. किती वेळ लागला असेल मला? मिनिटभर? मी कुणाला विचारलं नाही. मंगल शंभर पावलांवर मैदान आखत होती, तिलाही नाही. विचारलं असतं तर ती नाही म्हणाली असती, हे मला ठाऊक होतं, म्हणूनच विचारलं नाही. दोन दिवसांची तर स्पर्धा, म्हटलं, काय होतंय! पाकीट दिलं. चूल पेटली. पोरं पोटभर जेवली, आणि मला वाटलं मी मोठं काम केलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी पूनम पडली. धावड्याची पोरगी, आमच्या संघातली सगळ्यात चपळ, मंगलच्या हाताखाली सातवीपासून वाढलेली. तिची काही चूक नव्हती. समोरची अंगावर आली, पूनमचा पाय भेगेत अडकला आणि गुडघा फिरला. तिचं ओरडणं मी मंचावर पाहुण्यांशेजारी बसून ऐकलं. मंगल धावली. मी नाही धावलो. मी तिथेच बसून राहिलो आणि माझा हात आपोआप खिशाकडे गेला — रिकाम्या खिशाकडे.

संभाजीनगरला मोठ्या दवाखान्यात ऑपरेशन झालं. विमा नव्हता, हे तिथेच कळलं. पूनमच्या वडिलांनी विहिरीसाठी बाजूला काढलेले पैसे भरले. मंगल आठ दिवस दवाखान्यात राहिली आणि मला फोनवर विचारत राहिली, "अण्णा, इमा भरला व्हता ना? कागद कुठंय?" मी म्हणालो, बघतो. दुसऱ्या दिवशी म्हणालो, कंपनीकडून चौकशी करतो. तिसऱ्या दिवशी फोन उचलला नाही.

इथवर जे झालं ते चूक होतं. गलथानपणा म्हणा, मोठेपणाची हाव म्हणा. याची मी मान खाली घालून कबुली दिली असती तर लोकांनी चार शिव्या देऊन सोडलं असतं. पण मी ज्याच्यासाठी हे लिहायला बसलोय ते हे नव्हे. ते पुढेच आहे.

जालन्यात आमच्या विरोधातला एक गट होता. असतोच. आपल्याकडे एका खेळाला दोन संघटना नसल्या तर चुकल्यासारखं होतं. त्यांनी राज्य संघटनेकडे अर्ज केला — अध्यक्षांनी विम्याचा निधी परस्पर वापरला, संलग्नता काढून आमच्याकडे द्या. खरं होतं ते. तक्रार अगदी खरी होती, आणि म्हणूनच मला तिचा इतका राग आला. राज्याकडून दोन जण चौकशीला येणार, मूळ इतिवृत्त वही तयार ठेवा, असं पत्र आलं.

त्या दुपारी मी जेवायला घरी गेलो नाही. दुकानाचं शटर अर्धं ओढलं, कपाटातून वही काढली आणि त्या सभेचं पान उघडलं. खाली नऊ सह्या. मंगलची घाईतली, शेवटचं अक्षर ओढलेलं. गुरुजींची थरथरती. आणि वर, ऐनवेळच्या विषयाखाली, अर्धं पान कोरं.

मी काय लिहिलं ते तुम्हाला शब्दशः सांगतो, मला पाठ आहे. 'स्पर्धेच्या काळात भोजन व्यवस्थेस निधी कमी पडल्यास, खेळाडूंची उपासमार होऊ नये म्हणून, विमा निधी तात्पुरता वापरण्यास ही सभा अध्यक्षांना मान्यता देत आहे. ठराव सर्वानुमते मंजूर.' मग सूचक. पेन तिथे थांबलं. नऊ नावं समोर होती. हॉटेलवाला होता, वकील होता, माझा साडू होता. त्यांच्यापैकी कुणाचंही टाकलं असतं तर तो चौकशीत उभा राहून म्हणाला असता, मी असं कधी बोललोच नाही. भांडला असता. मंगल भांडली नसती. तिने आयुष्यात माझा शब्द कधी खाली पडू दिला नव्हता. हा हिशेब मी केला — शांत डोक्याने, दिवसाढवळ्या, समोर चहा ठेवून. आणि सूचक म्हणून तिचं नाव लिहिलं. अनुमोदक म्हणून गुरुजींचं. त्यांना कोण विचारायला जाणार होतं?

जिने माझ्या हातावर पाकीट दाबून आजच भरा म्हटलं, तिच्याच नावावर मी ते पाकीट फोडलं. यापेक्षा सोप्या भाषेत मला सांगता येत नाही.

तेव्हा स्वतःला काय सांगितलं होतं? संघटना वाचली पाहिजे, इतक्या पोरांचं भवितव्य आहे, तिला फार तर समज देतील, लेखी ताकीद. हे सगळं सांगितलं होतं. ते अगदीच खोटं नव्हतं. पण पेन थांबलं होतं तेव्हा मी पोरांचा विचार करत नव्हतो. मी माझाच विचार करत होतो. गावात मान खाली घालून चालावं लागेल, गल्लीतली माणसं काय म्हणतील, एवढाच.

चौकशी अंबडच्या विश्रामगृहात झाली. दोघे जण होते, सभ्य होते, फाटे फोडणारे नव्हते. त्यांनी वही वाचली आणि मंगलला बोलावलं. मी शेजारीच बसलो होतो. एकाने पान तिच्यापुढे सरकवलं, विचारलं, हा ठराव तुम्ही मांडलात? तिने वाचलं. खूप वेळ वाचलं. मला वाटलं आता ती माझ्याकडे बघेल, आणि तिने नुसतं बघितलं तरी माझ्या तोंडून खरं बाहेर पडेल. देवाशप्पथ, मी त्याचीच वाट बघत होतो. तिने बघितलंच नाही. ती त्या सहीकडे बघत होती, स्वतःच्या. मग म्हणाली, "म्या म्हणले असंल, सर. पोरी उपाशी नको, बाकी काय बी करा, असं म्या म्हणल्याचं आठवतंय मला. ह्याचा अर्थ असा निघंल, हे ध्यानात न्हाई आलं."

समजलं का तुम्हाला? तिने मला वाचवलं नाही. तिला माझ्यावर संशयच आला नाही. तिने स्वतःच्या आठवणीपेक्षा माझ्या वहीवर जास्त विश्वास ठेवला. पाकिटाचं म्हणाल, तर ते तिला आठवत नव्हतं थोडंच? पण तिने मनाशी असं जुळवलं, की आधी आपणच वाट करून दिली आणि नंतर भरा म्हणालो, त्याला काय अर्थ! ती बाहेर पडताना दारात थांबून मला म्हणाली, "अण्णा, माझ्यामुळं तुमच्यावर आलं. माफ करा." मी म्हणालो, "अगं, असू दे." खरंच तेवढंच म्हणालो. असू दे.

ताकीद नाही झाली. मंगलला प्रशिक्षक म्हणून कायमचं निलंबित केलं. राज्यातल्या कुठल्याही संलग्न संघटनेत तिला पाय ठेवायचा नाही. निकालात माझ्याबद्दल लिहिलं होतं, अध्यक्षांनी सभेच्या ठरावानुसार काम केले. संघटना वाचली. जालन्याचा गट गप्प बसला. लोकांनी दुकानात येऊन माझं अभिनंदन केलं आणि मी सगळ्यांना पेढे दिले. ते पेढे आणायला मी स्वतः गेलो होतो.

त्यानंतर ती एकदा धावड्याला गेली, पूनमच्या घरी. माझी गाडी म्हणून मीही गेलो. ओसरीत बसलो. मंगलने पूनमच्या वडिलांपुढे हात जोडले आणि म्हणाली, "भाऊ, तो ठराव माझा व्हता. तुमच्या पोरीच्या पायाला म्याच जबाबदार हाय." तो माणूस ओसरीच्या खांबाकडे बघत राहिला. मग आत हाक मारून म्हणाला, च्या टाका. मी तो चहा प्यालो. कपबशी नवीन होती, पाहुण्यांसाठी ठेवलेली. परत येताना गाडीत ती रडत होती आणि मी गाडी चालवत होतो.

मुलींचा संघ दोन महिन्यांत मोडला. मी एक तरुण प्रशिक्षक नेमला. चांगला होता, पण कुठल्या बापाने त्याच्याबरोबर पोर पाठवली असती? त्यांनी मुली मंगलच्या भरवशावर पाठवल्या होत्या, रग्बीच्या नव्हे. पूनम आता जालन्याला नर्सिंग शिकते, चालते बरी, पळता येत नाही. बाकीच्यांची लग्नं झाली, कुणी शिवणकाम करते, कुणी कुठे. वार्षिक अहवालात मी अजूनही लिहितो — 'मुलींचा संघ : सराव सुरू'. तसं न लिहिलं तर अनुदानाचा प्रश्न येतो.

आणि मी? मी अजून अध्यक्षच आहे. तीनदा राजीनामा द्यायला उभा राहिलो, तीनदा सगळ्यांनी हाताला धरून खाली बसवलं. अण्णा, तुमच्यामुळं संघटना टिकली. त्यांना काय सांगू? आणि खरं म्हणाल तर ते बसवतात तेव्हा मला हायसं वाटतं. राजीनामा दिला तर वही दुसऱ्याच्या हातात जाईल. त्या पानावरच्या शेवटच्या ओळींची शाई वरच्यापेक्षा वेगळी आहे, पेन दुसरं होतं त्या दुपारी. जरा शहाणा माणूस असला तर एका नजरेत ओळखेल. वही जाळू शकत नाही, ती दरवर्षी तपासणीला लागते. ठेवू शकत नाही. दुकानातल्या कपाटाची किल्ली करदोट्याला बांधून फिरतो, या वयात. मुलगा म्हणतो, आता निवृत्त व्हा, तीर्थयात्रा करा. कुठे जाऊ? चार दिवस गावाबाहेर राहिलो तरी मन त्या कपाटापाशी असतं. मैदानावर गेलो की पोरं पाया पडतात. त्यांच्या पाठीवर हात ठेवतो आणि तोच हात कुठे लपवावा असं होतं.

खरं सांगून टाकायचं होतं, तर पाच वर्षं काय करत होतो? रोज म्हणत होतो, उद्या. आता तर अशी गत आहे, की मी खरं सांगितलं तरी गुंतणार तीच. कारण तिने स्वतःच्या तोंडाने कबूल केलंय, आणि नुसतं तोंडाने नाही, लेखी. लोक म्हणतील, अण्णाने खोटं लिहिलं तर बाईने मान्य का केलं? काहीतरी असणार दोघांचं. पाहा. हेही मी तिच्या काळजीने बोलतोय असं वाटतं ना? मला स्वतःलाही वाटतं कधीकधी. ती काळजी नव्हे, भीती आहे. माझी.

लेखी म्हणालो. ते राहिलं सांगायचं. राहिलं कसलं, मीच मागे ढकलत आणलं.

निलंबनाची प्रत तिच्या शाळेत गेली. संस्थाचालकांनी खुलासा मागितला — झाल्या प्रकाराचा लेखी माफीनामा द्या, नाहीतर नोकरी जाईल. मंगल तो कागद घेऊन माझ्या दुकानात आली. अशा गोष्टींची भाषा तिला जमत नव्हती. म्हणाली, "तुम्हीच लिहून द्या अण्णा, तुम्हाला बराबर जमतं."

मी लिहिला. तिच्या समोर, गल्ल्यावर बसून. 'मी खाली सही करणार असे लिहून देते की, विमा निधी वापरण्याचा ठराव मी स्वतः मांडला होता. त्यामुळे एका खेळाडूचे नुकसान झाले. याबद्दल मी मनापासून दिलगीर आहे.' तिने या वेळी प्रत्येक ओळीवर बोट ठेवून वाचलं. एकदा वाचून झाल्यावर पुन्हा वाचलं. मग म्हणाली, "एक वळ राह्यली. अध्यक्षांचा यात काहीच दोष न्हाई, असं बी लिहा. उद्या तुमच्यावर उगं बालंट नको."

मी नको म्हणालो नाही. उगाच कशाला, एवढंही म्हणालो नाही. कागदाच्या तळाशी तेवढ्या ओळीपुरती जागा होती. मी ती ओळ लिहिली, एकदा तपासून पाहिली, आणि कागद वळवून तिच्यापुढे सहीला सरकवला.